टेबलटॉप वॉरगेमसाठी कागदी विमानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही हातानं फेकून उडवायची विमानं आहेत का?

नाही. ही टेबलावर मांडून खेळायच्या लढाईच्या खेळासाठी, म्हणजे वॉरगेमसाठी आहेत, आणि ही उडत नाहीत. पारदर्शक काडीवर बसवून खेळाच्या टेबलावर ठेवायची, सोंगटीसारखी सरकवायची आणि पाडली गेली की उचलून बाजूला ठेवायची, एवढंच त्यांचं काम.

प्लास्टिकची आणि धातूची मॉडेलं तयार मिळतात. मग कागदाचीच कशाला?

संख्येसाठी. हवाई लढाईचा एक बऱ्यापैकी डाव मांडायचा तर डझनभर विमानं लागतात, आणि बॉम्बफेकी विमानांचा ताफा व त्याचे रखवालदार असा प्रसंग असेल तर दुप्पट. प्लास्टिकचं एकेक विमान जोडून, घासून, रंगवून होईपर्यंत खेळायची हौस फिटते. कागदी विमान एकदा नीट आखलं की त्याच पानावरून अख्खी तुकडी छापता येते. कुणाची कोपरखळी बसून एखादं चुरगळलं, तर दुसरं छापायचं.

पण खरं कारण वेगळं आहे. खेळाडू विमानाकडे हातभर अंतरावरून आणि बहुतेक वेळा वरून बघतो. तिथून कॉकपिटमधली बटणं दिसत नाहीत, पत्र्यावरच्या रिव्हेटच्या ओळीही दिसत नाहीत. दिसतो तो आकार, आणि त्याच्या मागोमाग रंग. 1942 मध्ये अमेरिकी नौदलानं शाळकरी मुलांकडून 1/72 मापाची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाची, लाकडी विमानं मोठ्या संख्येनं बनवून घेतली होती. सैनिकांना आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे ओळखायला शिकवण्यासाठी ती वापरत. ती नुसती काळी रंगवलेली असत, कारण ओळख पटायला बाह्याकृती पुरते. वॉरगेमचं विमानही त्याच जातीचं आहे, म्हणून या पानावरच्या बहुतेक उत्तरांचा कल एकच दिसेल: आकार आधी, बारकावे जमले तर.

कोणतं माप निवडू?

आधी टेबल बघा, मग खेळात कुठली विमानं येणार ते बघा. खरी लांबी मिलिमीटरमध्ये घेऊन मापाच्या आकड्यानं भागलं की उत्तर मिळतं. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी 11.23 मीटर. ती 1/72 मध्ये 156 मिमी, 1/144 मध्ये 78 मिमी, 1/300 मध्ये 37 मिमी आणि 1/600 मध्ये जेमतेम 19 मिमी होते. लँकेस्टर बॉम्बरचा हाच आकडा 31.09 मीटर आहे. 1/72 मध्ये तो 43 सेंटिमीटरच्या वर जातो, म्हणजे एकच विमान टेबलाचा कोपरा अडवणार. 1/144 मध्ये 216 मिमी होतो, आणि ए4 कागद 210 मिमी रुंद असल्यामुळे तो उभ्या पानावर मावत नाही. पान आडवं करावं लागतं.

माझा सल्ला असा. पहिल्या महायुद्धातली लहान विमानं 1/144 किंवा त्याहून मोठी करा. सॉपविथ कॅमल 8.53 मीटरचं, म्हणजे 1/300 मध्ये 28 मिमीचं होतं, आणि त्या आकारात दोन पंखांमधले खांब कापताना डोळे फुटतात. दुसऱ्या महायुद्धातल्या चार-सहा लढाऊ विमानांच्या चकमकीला 1/144 उत्तम. मोठे बॉम्बर आणायचे असतील किंवा जेटयुगातल्या लढाया खेळायच्या असतील, तर 1/300. 1/285 आणि 1/300 यांत फक्त पाच टक्क्यांचा फरक आहे, तो टेबलावर कळत नाही, तेव्हा ही दोन बिनधास्त मिसळा.

इतर मापं मात्र एकाच डावात मिसळू नयेत. 1965 च्या भारत-पाक लढाईतली पाकिस्तानचं सेबर आणि भारताचं नॅट ही जोडी घ्या. सेबरचे पंख टोकापासून टोकापर्यंत 11.3 मीटर, नॅटचे 6.73 मीटर. 1/300 मध्ये अनुक्रमे 38 आणि 22 मिमी. नॅट केवढंसं होतं आणि समोरच्याला ते दिसायला का अवघड जायचं, हे एका मापात शेजारी ठेवल्यावरच समजतं.

मॉडेल 1/300 चं असेल तर टेबलावरची अंतरंही 1/300 नंच मोजायची का?

तसं केलं तर टेबल पुरणार नाही. ताशी 360 किमी वेगाचं विमान सेकंदाला 100 मीटर जातं. खेळातली एक चाल पाच सेकंदांची धरली, तर 500 मीटर. 1/300 मध्ये ते 1.67 मीटर झाले, आणि हा वेग तसा बेताचाच. त्यामुळे मॉडेलचं माप हे डोळ्यांसाठी आणि अंतरांचं माप नियमांसाठी, असं जवळपास सगळ्याच हवाई खेळांत असतं. मोजताना मात्र विमानाच्या नाकापासून न मोजता स्टँडच्या मध्यापासून मोजा, नाहीतर लांब नाकाच्या विमानाला फुकटचा फायदा मिळतो.

कागद कोणता घ्यावा?

साधारण 160 ते 220 जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅमची) कार्डशीट. रोजच्या छपाईचा 80 जीएसएमचा कागद एकेरी वापरला तर पंख लुळे पडतात, पण दुहेरी चिकटवला तर 1/600 ला तो चालतो. उलट 300 च्या पुढचा पुठ्ठा प्रिंटरमध्ये अडकतो आणि घडीवर फाटतो.

कागदाला तंतूंची दिशा असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. कार्डशीटचा एक तुकडा आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून बघा. एका बाजूनं तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूनं विरोध करतो. पंखाची लांबी त्या विरोध करणाऱ्या दिशेनं ठेवली की पंख महिनोन्‌महिने खाली झुकत नाहीत. एवढं एक पाळलं तरी निम्मी डोकेदुखी कमी होते.

हत्यारं काय लागतात?

धारदार कटर, स्टीलची पट्टी, खाली ठेवायला कटिंग मॅट, लहान टोकदार कात्री, चिमटा आणि घडीची रेघ ओढायला शाई संपलेलं बॉलपेन. चिकटवायला फेविकॉलसारखा पांढरा गोंद, तोही काडीच्या टोकानं पातळ पसरून. थेट बाटलीतून ओतलात तर कागद फुगतो.

पहिलं विमान कोणतं करावं?

त्रिकोणी पंखांचं एखादं जेट, मिराज किंवा मिग-21. कडा सरळ असतात, पंख जवळपास सपाट असतात आणि प्रोपेलरची भानगड नसते. स्पिटफायरचे पंख लंबगोल आहेत, ते कापताना कात्रीची परीक्षा होते. तरीही मन स्पिटफायरवरच असेल तर पुढचं उत्तर त्याचंच आहे.

एक विमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं करायचं?

सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे दोन आकृत्या एकमेकींवर काटकोनात बसवणं: एक वरून दिसणारी आणि एक बाजूनं दिसणारी. नवखे बहुधा फक्त बाजूची आकृती उभी करतात आणि तिला पंख जोडतात. मग टेबलावर वरून बघितलं की धड गायब. फक्त कागदाची कड दिसते. म्हणून पंख, धडाची रुंदी आणि मागचे आडवे पंख हे सगळं मिळून वरची आकृती एकसंध तुकड्यात घ्यायची.

1/144 चं स्पिटफायर धरून सांगतो.

वरच्या आकृतीच्या दोन प्रती छापा, एक वरच्या छद्मरंगाची (लपण्यासाठीच्या रंगसंगतीची) आणि एक खालच्या फिकट रंगाची. त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्यात आणि मधोमध एक सरळ रेघ असावी. प्रिंटरची दुहेरी छपाई इथे वापरू नका, मागची बाजू एखाद्या मिलिमीटरनं सरकतेच. त्याऐवजी मधल्या रेघेवर बॉलपेननं दाबून घडी घाला, आतून पातळ गोंद लावा आणि जाड पुस्तकाखाली तासभर ठेवा. वाळल्यावर दोन्ही थर एकदमच कापा. कापण्याआधी चिकटवायचं, हा क्रम महत्त्वाचा. उलट केलंत तर दोन कडा कधीच जुळत नाहीत.

बाजूच्या आकृतीचे आडवे दोन भाग करायचे. वरच्या भागात नाकाची वरची बाजू, काचेची छत्री, पाठ आणि उभी शेपटी, तर खालच्या भागात पोट. वरचा भागही असाच घडी घालून दुहेरी करा, फक्त तळाशी 3 मिमीची पट्टी गोंदाशिवाय सोडा. ती दोन्हीकडे बाहेर दुमडली की दोन कान तयार होतात. या मापात स्पिटफायरचं धड सहा-सात मिमी रुंद येतं, त्यामुळे हे दोन कान त्या रुंदीवर बरोबर बसतात आणि जोड झाकला जातो. कानांना गोंद लावा, तुकडा धडाच्या मध्यावर लांबीनं उभा करा आणि गोंद धरेपर्यंत समोरून एका डोळ्यानं बघत राहा. शेपटी किंचितही कलली तर आत्ताच सरळ होते, दहा मिनिटांनी होत नाही.

खालचा भाग अखंड लावू नका. नाकाखाली एक आणि शेपटीखाली एक तुकडा लावून मध्ये स्टँडसाठी जागा मोकळी ठेवा.

शेवटी पंखांचा उठाव. स्पिटफायरचे पंख धडापासून टोकाकडे सुमारे 6 अंशांनी वर जातात. धडाला लागून दोन्ही बाजूंना हलकी रेघ दाबा आणि टोकं टेबलापासून चारेक मिमी वर येतील इतकीच उचला. एवढ्याशा फरकानं चपटा कागद विमान वाटायला लागतो.

कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात. काय करू?

जोडण्याआधी सगळ्या कडांवरून जवळच्या रंगाचा स्केचपेन फिरवा. टोक उभं न धरता आडवं धरून फिरवलं की शाई पृष्ठभागावर येत नाही. या पाच मिनिटांच्या कामानं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या प्रिंटरनंही पडत नाही.

वाकड्या पंखांची विमानं कशी करायची? स्टूका, कॉर्सेअर?

सोपी आहेत, उलट सपाट पंखांपेक्षा मजबूत होतात, कारण घडीमुळे पंखाला ताठपणा येतो. धडाजवळ पंख खाली झुकवायचा आणि पुढच्या रेघेवर वर उचलायचा. दोन्ही बाजूंचे कोन सारखे यावेत म्हणून पुठ्ठ्याचा एक साचा कापून ठेवा आणि पंख त्याच्यावर टेकवून बघा. स्टूकाची चाकं उड्डाणातही खालीच असतात, तेव्हा चाकांवरच्या आवरणांचे दोन छोटे तुकडे पंखाखाली जरूर लावा. त्यांच्यावाचून स्टूका ओळखू येत नाही.

दुहेरी पंखांच्या विमानांचे खांब कसे टिकवायचे?

कागदाच्या सुट्या काड्या लावायच्या फंदात पडू नका, पहिल्याच डावात त्या मोडतात. ओएचपी शीटची (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटची) पट्टी घ्या, तिच्यावर काळ्या मार्करनं खांबांच्या दोन रेघा काढा आणि वरखाली 2 मिमी दुमडून पंखांना चिकटवा. पारदर्शक भाग दिसत नाही, खांब तेवढे दिसतात, आणि दोन्ही पंखांना आख्खी भिंत मिळते. फेविकॉल प्लास्टिकला नीट धरत नाही, म्हणून इथे प्लास्टिकला चालणारा पारदर्शक गोंद हवा. सुपरग्लू टाळा, त्याच्या वाफेनं शीटवर पांढरट धूसर डाग येतात.

जोडताना वरचा पंख टेबलावर उलटा ठेवा आणि बाकीचं विमान त्याच्यावर पालथं टेकवा. गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूनं काम करतं. कॅमलचा वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असतो, तेवढी पट्टी तिरकी कापायची. ताणतारांची जाळी मी तरी कधी लावत नाही. दोऱ्यानं लावता येते, पण विमान उचलताना बोट तिच्यातच अडकतं.

फोकर डीआर-1 हे तीन पंखांचं विमान बघून लोक दचकतात. प्रत्यक्षात ते सोपं पडतं, कारण त्याला प्रत्येक बाजूला एकच खांब असतो. मधल्या पंखाला खाच पाडून एकच पट्टी तिन्ही पंखांतून नेता येते.

चार इंजिनांचे बॉम्बर?

इंजिनांच्या बाजूच्या आकृत्या कापून त्यांना मागून खाच द्या आणि पंखाच्या पुढच्या कडेवर सरकवा. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी. सैल झाली तर इंजिनं माना टाकतात. लँकेस्टरच्या दोन उभ्या शेपट्या म्हणजे आडव्या शेपटीच्या टोकांना चिकटवलेले दोन लंबगोल, बस्स.

एका मापाचा आराखडा दुसऱ्या मापात छापता येतो का?

येतो. 1/72 वरून 1/144 करायचं तर 50 टक्के, 1/144 वरून 1/300 करायचं तर 48 टक्के, 1/200 वरून 1/300 ला 66.7 टक्के. फक्त कागदाची जाडी लहान होत नाही, म्हणून लहान केलेल्या आराखड्यातल्या खाचा पुन्हा आखाव्या लागतात. छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून 100 टक्के ठेवा, आणि पानाच्या कोपऱ्यात 50 मिमीची एक रेघ काढून ठेवा. छापल्यावर पट्टी लावून ती मोजा. रेघ 48 भरली तर पुढे कापत बसण्यात अर्थ नाही.

मला चित्रकला येत नाही. स्वतःचा आराखडा जमेल का?

चित्रकला लागतच नाही. वरून, बाजूनं आणि समोरून अशा तीन दृश्यांची विमानांची रेखाचित्रं असतात. ती इंकस्केपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये घेऊन वरून रेघा गिरवायच्या, अर्धा भाग काढून आरशासारखा उलटवायचा आणि पंखांची लांबी हव्या त्या मिलिमीटरवर आणायची. दुसऱ्याचा आराखडा वापरत असाल तर त्याच्या अटी वाचा. स्वतःपुरता फुकट दिलेला आराखडा विकायला मोकळा असतोच असं नाही.

रंग आणि खुणा किती अचूक हव्यात?

रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल, खुणा मात्र स्पष्ट हव्यात. त्या मुळात याच कामासाठी होत्या. 1914 मध्ये ब्रिटिशांनी आधी विमानांवर आपला झेंडा रंगवला, पण लांबून त्यातला क्रॉस जर्मन क्रॉससारखा दिसायला लागला, म्हणून वर्षअखेरीस ते गोल वर्तुळांकडे वळले. 1942 मध्ये अमेरिकनांनी आपल्या ताऱ्यामधला लाल ठिपका काढून टाकला, कारण तो जपानी लाल गोळ्याशी गल्लत करायचा. आशियातल्या ब्रिटिश विमानांवरूनही त्याच कारणानं लाल रंग गेला. म्हणजे डाव कोणत्या वर्षीचा आहे, ते खुणांवरून ठरतं.

जून 1944 ची नॉर्मंडीची लढाई मांडणार असाल तर दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरचे काळे-पांढरे पट्टे विसरू नका. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा 18 इंची होता, 1/144 मध्ये तो 3.2 मिमीचा येतो. पाच पट्टे: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. टेबलावर इतकं झटकन ओळखू येणारं दुसरं काही नाही.

एरवी 1/300 मध्ये खुणा खऱ्या प्रमाणापेक्षा थोड्या मोठ्या छापाव्यात, असं माझं मत आहे. प्रमाण जपणाऱ्यांना ते खटकतं. खेळणाऱ्यांना नाही.

जर्मन विमानांच्या शेपटीवरचं नाझी चिन्ह छापायचं का?

गरज नाही. पंखावरच्या आणि धडावरच्या क्रॉसनं ओळख पुरेशी पटते. शिवाय जर्मनीत ते चिन्ह जाहीरपणे दाखवण्यावर कायद्यानं निर्बंध आहेत, तेव्हा आराखडा इतरांना देणार असाल तर वगळलेलंच बरं.

एका तुकडीतली सगळी विमानं सारखीच दिसतात. कोणाचं कोणतं?

प्रत्येकावर वेगळं अक्षर छापा आणि तेच अक्षर बेसवरही मोठं लिहा. म्होरक्याच्या विमानाचं नाक वेगळ्या रंगाचं ठेवा.

प्रोपेलर कसा दाखवायचा?

ओएचपी शीटची गोल चकती नाकाला चिकटवा. पाती काढू नका. फिरत्या प्रोपेलरची पाती दिसत नसतात, आणि 1/300 ला तर चकतीही नको.

वार्निश लावायचं का?

लावायचं, विशेषतः इंकजेटची छपाई असेल तर. ती शाई घामेजल्या बोटांनीसुद्धा पसरते. मॅट अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन, मोकळ्या हवेत. एकदम जाड थर दिला तर कागद भिजून वळतो. लेझरची छपाई ओलाव्याला घाबरत नाही, पण घडीवर तिचा टोनर (भुकटीची शाई) तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. तिथे स्केचपेन आहेच.

स्टँड कसा करावा, आणि उंची कशी दाखवावी?

1/144 च्या स्पिटफायरचं वजन एक-दोन ग्रॅम असतं. डोक्यावर पंखा फिरत असेल तर अख्खी तुकडी जमिनीवर जाते. म्हणून वजन खाली हवं. षटकोनी किंवा गोल बेसखाली लोखंडी वॉशर चिकटवा, वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची काडी उभी करा. काडी पंखाच्या मध्याच्या आसपास यावी. विमान तिला कायमचं चिकटवण्यापेक्षा पोटाखाली कागदाची छोटी नळी लावा आणि काडी तिच्यात खोचा. विमान बदलता येतं, ठेवताना सुटंही करता येतं.

उंचीसाठी लांब-आखूड होणारे अँटेनासारखे स्टँड छान दिसतात, पण उंच केले की कलंडतात. बेसवर फासा ठेवून त्यावरचा आकडा ही उंची समजायची, हाच मार्ग बरा. चढला की आकडा वाढवा, सूर मारला की कमी करा.

लहान मुलांना हे काम देता येईल का?

कात्रीनं कापायचं, कडा रंगवायचं आणि चिकटवायचं काम जरूर द्या. कटर मोठ्यांनी चालवावा. काही जण काडीऐवजी छोटे निओडिमियम चुंबक वापरतात. घरात लहान मूल असेल तर ते वापरू नका. एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंती चिमटीत धरतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

खेळून झाल्यावर ठेवायची कशी?

काडी काढून, उथळ डब्यात, एका थरात. एकावर एक रचली तर पंखांचा उठाव सपाट होतो. दमट दिवसांत डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. एखादा पंख वळलाच तर उलट बाजूनं बोटांत धरून हळूहळू सरळ करा, इस्त्री लावू नका, टोनर वितळून चिकटतो. आणि आराखड्याची फाइल जपून ठेवा, पाडलेली विमानं तिच्यातूनच परत यायची असतात.